सातव्या क्रमांकाचं नाव

महानगर, लखनौ
मंगळवार दुपार

प्रिय अनीश,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत. फोनवर तू "आई, साइटवर आहे, पटकन बोल" म्हणतोस, आणि हे पटकन बोलण्यातलं नाही. शिवाय दोन खोल्यांच्या घरात माझा फोन श्रुतीला ऐकू जातो. तुझ्या ऑफिसचे जगदीश भैया उद्या सकाळी झाशीला निघतायत, त्यांच्याबरोबर देते आहे. सोबत बेसनाचे लाडू आहेत. लाडू नंतर खा, आधी हे वाच.

श्रुती फोन का उचलत नाही, असं कालपासून तू मला दोनदा विचारलंस आणि मी "कामात आहे रे" म्हणून वेळ मारून नेली. ते अगदीच खोटं नव्हतं. तिचा पेपर दुरुस्त करून शुक्रवारपर्यंत जर्नलकडे परत जायला हवा. तो छापून आल्याशिवाय थीसिस जमा होत नाही, आणि थीसिस जमा झाल्याशिवाय तुझी बायको तुझ्याकडे येत नाही, हे तर तुला पाठच आहे.

तिचा हात मोडला होता तेव्हापासून पेपरच्या शेवटची ती संदर्भांची यादी मीच लावते. तू हसायचास, "आई, आता तूच पीएचडी कर." हसलास तरी मी शिकले. यूट्यूबवर बघत, चुकत, परत करत. अकरावीत शाळा सुटली माझी, त्यामुळे सुरुवातीला एक स्वल्पविराम टाकला तरी दहादा तपासून बघायची. आणि एकेका जर्नलचे नखरे तरी किती! पहिल्याला आडनाव आधी आणि साल कंसात हवं होतं. त्यांनी पेपर नाकारला. आता या दुसऱ्याला सगळं क्रमांकानं हवं, जर्नलचं नाव तिरकं हवं, खंडाचा आकडा ठळक हवा. डाळ एकच, पण एका घरी आमटीत गूळ घालतात आणि दुसऱ्या घरी गुळाचं नाव काढलं तरी भांडण. मला मात्र त्यात गोडी लागली. जपानची, ब्राझीलची, कुठली कुठली माणसं एका ओळीत येऊन बसलेली. इथल्या कपूरथला चौकातून भाजी आणली की मी चष्मा लावून त्यांच्यात जाऊन बसायची.

त्यात सातवं नाव चित्राचं. श्रुतीच्या आधी तिच्याच गाइडकडे, दिनकर सरांकडे, काम करायची ती. गणपतीत आपल्याकडे यायची आणि स्वतःचाच मोदक फुटला की खदखदून हसायची. सरोजिनी नगरच्या पलीकडे पांढरी ऊसर जमीन आहे ना, जिथे गवतही धड उगवत नाही, तिथली माती उन्हातान्हात उकरून तिनं तो जिवाणू शोधला. गव्हाच्या मुळाशी राहतो आणि गव्हाला खारी जमीन सोसायला शिकवतो. श्रुतीचं सगळं काम त्या जिवाणूवर उभं आहे. पुढे चित्राचं सरांशी बिनसलं, ती दुसरीकडे गेली आणि तिथून सरांचं नाव न घालता तिनं तो पेपर छापला. सरांना ते लागलं. लागावंही, लॅब त्यांची होती. पण म्हणून आता, तिनं तुला फोनवर सांगितलंच असेल, ते श्रुतीला म्हणतात, चित्राचा संदर्भ काढ आणि हा जिवाणू आम्हीच प्रथम वेगळा केला असं लिही. तसं केलंस तर आज पाठवतो, नाहीतर राहू दे पडून. पेपर पाठवणं त्यांच्याच हातात.

पोरीची अडकित्त्यातल्या सुपारीसारखी गत झाली आहे. नाव ठेवावं तर इतक्या वर्षांचं काम मातीत. काढावं तर ती चोरी, आणि पेपरवर पहिलं नाव श्रुतीचं, म्हणजे चोरही तीच. गाइड बदलावा, तर आता शेवटी शेवटी तिला कोण घेणार? तक्रार करावी, तर समितीत सरांच्याच उठबशीतली माणसं. आपल्या मराठी मंडळात मन मोकळं करावं, तर तिथे अध्यक्ष सर. ती चहा करते आणि ओट्यावरच विसरते. बोलायला जाते आणि मध्येच "जाऊ दे" म्हणते.

परवा रविवारी तिनं लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "आई, तुम्हीच काढा. माझ्या हातानं नाही होत." आणि आत जाऊन पडली. मी काढलं. एक बटण लागतं रे. पण पुढे जे झालं ते मी आजवर नीट पाहिलंच नव्हतं. आठवा सातवा झाला, नववा आठवा झाला, लेखातले आकडेही आपोआप बदलले. रिकामी जागासुद्धा राहिली नाही. भरल्या पंगतीतून एखाद्याला अर्ध्या जेवणावरून उठवावं, बाकीच्यांनी पाट सरकवून घ्यावेत, आणि वाढणाऱ्यालाही कळू नये की इथे कुणी बसलं होतं. मी लगेच सगळं उलटं फिरवलं, चित्राला तिच्या जागी बसवलं आणि आत जाऊन म्हटलं, "बाई गं, हे यूट्यूबवर नाही शिकवलेलं. मला नाही जमत." किती दिवसांनी हसली ती! मग रडली. मग तोंड धुऊन म्हणाली, "उद्या सरांना तोंडावर सांगते. नाव राहणार. पुढे काय व्हायचं ते होऊ दे."

काल ती गेली. सरांनी तिला तोंडच उघडू दिलं नाही. "अरे बैठो, टेन्शन मत लो. अनीशचा फोन आला होता मला. 'सर, ती काढेल, मी सांगतो तिला,' म्हणाला. घरात एक तरी प्रॅक्टिकल माणूस हवा!" तिथून ती उन्हातून चालत घरी आली आणि मला एवढंच म्हणाली, "आई, मी नाही म्हणायला गेले होते, आणि माझा हो आधीच तिथे पोचलेला होता." वाईट हेतूनं नाही केलंस तू, मला माहीत आहे. तुला ती लवकर घरी हवी आहे. पण सरांनी एक दार अडवलं होतं, दुसरं तू लावलंस. आता तिला नाही म्हणायचं तर सरांबरोबर नवऱ्यालाही खोटं पाडावं लागेल, आणि तेवढं बळ आज तिच्यात नाही. म्हणून हे लिहिलं. पेपर बहुतेक अडकेल. झाशीच्या क्वार्टरमध्ये तुला आणखी वर्षभर एकट्याला राहावं लागेल, तेही कळतंय मला. तरी हे वाचून झालं की सरांना फोन कर आणि सांग, "मी बोललो ते माझं बोलणं होतं, श्रुतीचं नव्हे." बस, एवढंच. मग तिला फोन लाव, आधी लावू नकोस. आणि सरांशी बोलायचा संकोच वाटत असेल तर तसं मला कळव, लाजू नकोस. गुरुवारी सरांच्या घरी बायकांचं भजन आहे, ते स्वतः चहाला बाहेर येऊन बसतात. सगळ्यांच्या देखत उठून सांगेन मी, की माझ्या मुलानं जो शब्द दिला तो त्याचा नव्हताच द्यायला.

तुझीच, आणि या वेळी तिच्या बाजूची,
आई