अकरावं पान

प्रिय खुडबुडे,

तुझ्या फर्मवेअरच्या माहितीपुस्तिकेला खरा खर्च किती आला, ते आधी मांडतो. पानं एकोणीस. महिने साडेचार. तांबड्या पेन्सिली सात. जेवणाचं अर्धं टेबल, जे तुझ्या आईला अजून परत मिळालेलं नाही. आणि आईचा दोन दिवसांचा अबोला. पुस्तिका वाचून करून बघताना तिसऱ्या पानावर ती पुन्हा अडली तेव्हा मी म्हणालो, अगं, इतकं सोपं तर आहे! ती उठली आणि म्हणाली, सोपं आहे ना, मग कागदावर का नाही? प्रत्येकाच्या घरी जाऊन तुम्ही शेजारी उभे राहणार आहात का? लिहिणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं.

सुरुवात तुझ्याच तोऱ्याने झाली होती, आठवतं? तू माझ्यासाठी तुझ्यासारखाच दोन तुकड्यांचा कीबोर्ड घेऊन आलीस, डावा भाग, उजवा भाग आणि त्यांना जोडणारी मधली वायर. म्हणालीस, याच्या पोटातल्या चिपला कुठलं बटण दाबलं की काय करायचं, ते माझा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, सांगतो. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, हवा तसा बदलावा. मी विचारलं, फुकट? तू म्हणालीस, फुकट. दुकान उघडायचं आणि गल्लाच ठेवायचा नाही, असला धंदा मी जन्मात पाहिला नव्हता. मग तुझं माहितीचं पान वाचलं. आठ ओळी, त्यातल्या सहा मला कळल्या नाहीत. हे तू तुझ्यासाठीच लिहिलंयस का, असं विचारल्यावर तू फणकारलीस, मग तुम्हीच लिहा ना बाबा! झालं. मला डिवचून कुणी मोकळं सुटलंय का?

शाळेने सातवीतच माझ्यापुढे हात टेकले. पुढचं सगळं मी कानाने शिकलो. अडतीस वर्षं आधी टाइपरायटर आणि मग कॉम्प्युटर दुरुस्त केले. गिऱ्हाइकाने दोन ओळी बडवल्या की मी पाठमोरा राहूनच सांगायचो, कुठलं अक्षर अडतंय. आणि चारचौघांत मी एक गोष्ट छाती काढून सांगत आलोय: माझ्या हाताखाली मेलेली यंत्रं उठली, पण जिवंत यंत्र एकही मेलं नाही. तीच शिस्त मी पुस्तिकेला लावली. पान लिहायचं, आईला समोर बसवायचं, ती बसण्याआधी कॉम्प्युटरला लागलेल्या सगळ्या वायरी काढून टेबल साफ करून द्यायचं आणि तोंड मिटून उभं राहायचं. ती जिथे थांबेल तिथे तांबडी खूण. आई म्हणायची, तोंड मिटलंय, पण उसासे ऐकू येतायत हो.

पुस्तिका बाहेर पडली आणि लोकांच्या प्रश्नांना ओहोटी लागली. त्या अनुवादकाचं पत्र तर मी आईला तीनदा वाचून दाखवलं. आजारपणानंतर त्याचा फक्त डावा हात चालतो. तू त्याच्यासाठी अंगठ्याखाली एक बटण असं ठेवलंस, की ते दाबून धरलं की उजव्या बाजूची अक्षरं डाव्या हाताखाली येतात. त्याने लिहिलं होतं, माझं काम मला परत मिळालं. त्या दिवशी चहावाल्यापासून टपालवाल्यापर्यंत ज्याला ज्याला गाठता आलं, त्याला मी तुझं कौतुक ऐकवलं. टपालवाला आता पाकीट दाराखालून सरकवून पळतो.

गेल्या रविवारी तू फोन केलास, तेव्हा बोलता बोलता टाइप करत होतीस. तो तुझा कीबोर्ड नव्हता. तुझ्या बटणांचा आवाज कसा भरीव येतो. हा चपटा होता, ऑफिसातल्या साध्या कीबोर्डसारखा. मी विचारलं, कीबोर्ड बदललास? तू म्हणालीस, काय पण बाबा, तुमचे कान! आणि हसलीस, पण हसू जरा उशिरा आलं. म्हणून मी ती जागा उघडली, जिथे कुठली ओळ कुणी, कधी आणि का बदलली ते सगळ्यांना दिसतं. बघायला तूच शिकवलंस, आता भोग. अकराव्या पानावर, एका हाताने टाइप करणाऱ्यांनी उजवा भाग कसा बाजूला काढावा हे जिथे मी लिहिलं होतं, तिथे तुझ्या नावाने नवी ओळ होती: मधली वायर काढण्याआधी कॉम्प्युटरची वायर काढा, नाहीतर चिप जळू शकते. खाली तुझी टीप: ही सूचना राहिली होती, चूक माझी. त्याखाली अनुवादकाने तुझे आभार मानले होते, त्यावरून सगळं कळलं. आपल्या पानावर होतं तसंच त्याने केलं, त्याच्या कीबोर्डचा डावा भाग जळाला, आणि तू तुझा स्वतःचा कीबोर्ड त्याला पाठवून दिलास.

आता पत्राचं कारण. ते पान तुझं नाही, माझं आहे. आधी वीज तोडायची, मग हात घालायचा, ही सवय माझ्या हातांत इतकी मुरली आहे की ती लिहायची असते हेच सुचलं नाही. आणि आईपुढे टेबल साफ करताना कॉम्प्युटरची वायर प्रत्येक वेळी मीच उपटत होतो, मग ती अडणार कशी? शुक्रवारी नवी आवृत्ती निघेल आणि पहिल्या पानावर माझं नाव छापलं जाईल. तर मग अकराव्या पानावरच्या चुकीलाही तेच नाव लाव. त्याशिवाय पहिल्या पानावरचं मला नको. तू चूक गुपचूप अंगावर घेतलीस, याचा मला त्या सगळ्या प्रोग्रॅमपेक्षा जास्त अभिमान वाटला, आणि हे टपालवाल्याला सांगता येत नाही म्हणून तुलाच सांगतोय. खरं सगळंच सांगायचं तर आधी मला वाटलं, त्या माणसानेच काहीतरी धसमुसळेपणा केला असणार. ते सिद्ध करायला आईला साक्षीला बसवून मी माझं जुनं अकरावं पान शब्दन् शब्द पाळलं. तीनदा काही झालं नाही. चौथ्यांदा मधली वायर ओढली आणि बारीक टिक असा आवाज आला. म्हणून हे पत्र पेनाने लिहिलंय. माझ्या कीबोर्डचा डावा भाग मेला आहे.

तुझाच,
बाबा