काठावर राहिलेल्या चपला

अहो,

वाकून नमस्कार. लेक-जावई मजेत आहेत. मीही ठणठणीत आहे.

इथली नदी चांगली ऐसपैस, आणि काठावर सकाळपासून नुसती जत्रा! कुणी पळतंय, कुणी सायकलवर. तुमच्या वयाचे आजोबा होडी वल्हवतात हो!

काल लेकीबरोबर मीही बसले. कुणाच्या घरात शिरावं तशा चपला काठावर काढून ठेवल्या, आणि होडीवाल्याने उतरवलं पार पुढच्या पुलापाशी! लेक हसून बेजार. अनवाणी परत आले, पण काय मजा आली!

गोळ्या घेता ना? गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तुमच्या चपला दाराआडच आहेत. डॉक्टरही चाला म्हणालेत. धूळ झटका, निदान फाटकापर्यंत जाऊन या.

होडीत माझ्यासमोरची जागा रिकामीच होती.

तुमचीच,
अनवाणी