मायची आई झाली तो उन्हाळा

आई, तुला आई म्हणायला मी पहिलीत जायच्या आधीच्या उन्हाळ्यात शिकले. तोवर तू माय होतीस. पारशिवनीजवळच्या आपल्या गावात आई कोणालाच नव्हती, सगळ्यांना माय होती. मग बाबांना नागपुरात मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात काम लागलं, आपण तिथल्या नंदनवन वस्तीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या, आणि त्या एप्रिलात तू मला हाताला धरून शाळेत नाव घालायला नेलंस. धाकट्याला त्याच शाळेच्या बालवाडीत घालायचं होतं. तो एवढा मोठा घोडा, पण पाय भाजत होते म्हणून तुझ्या कडेवर होता. मोठ्या बाईंच्या खोलीत दोन-तीन आईबाप बसले होते. बाईंनी गाईचं चित्र दाखवलं. हे काय आहे? मी म्हटलं, गाय हाय. गाय काय देते? मी म्हटलं, दूध देते, पण मले नाही आवडत. बसलेल्यांपैकी कोणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं ते, लहान मुलाच्या बोलण्याला हसतात तसंच होतं. पण तू पदर खांद्यावरून ओढून घेतलास आणि खाली बघायला लागलीस. बाई म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो. पण घरी जरा शुद्ध बोलत जा तिच्याशी. नाहीतर मुलं चिडवतील, मग ती तोंडच उघडणार नाही. सुट्टी आहे हाताशी, तयारी करून घ्या." तू मान हलवलीस.

त्या संध्याकाळी भाकरी वाढताना तू सांगितलंस की आजपासून या घरात मले-तुले बंद. बाबा हसले. "मंग का गुपचूप बसाचं का वं?" तू त्यांच्याकडे न बघता म्हणालीस, "मला, तुला म्हणायचं. तुम्हीपण." 'मला' म्हणताना तू त्या शब्दाआधी किंचित थांबलीस. अंधारात उंबरठा आला की माणूस पाय जरा जास्तच उचलतो, तसं. पुढे कितीतरी दिवस तू तशीच बोलत राहिलीस, प्रत्येक शब्दाआधी पाय उचलून. बाबांनी दुसऱ्याच दिवशी हात टेकले. "मले नाही जमत हे, तू अन् तुह्या पोट्ट्यांनी शिका," म्हणाले. पण तू मागे हटली नाहीस. तुला शिकवायला कोण होतं? वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणकाकू. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या काळात पुण्याकडून इकडे आले, काका कचेरीत कारकून, आणि त्या बोलायच्या ते थेट पुस्तकातल्यासारखं. दुपारी खोलीला वाळ्याची ताटी लावून, तिच्यावर पाणी मारून, तू आम्हाला निजवायचीस आणि वर जायचीस. त्यांचे पापड लाटून द्यायचीस आणि कान उघडे ठेवायचीस. खाली आलीस की तुझ्याकडे नवे शब्द असायचे. बस्त्याला दप्तर म्हणायचं. आलूला बटाटा. पोट्टा नाही, मुलगा. सांबाराला कोथिंबीर म्हणायचं. ही कोथिंबीर तू बाजारात नेलीस तो दिवस मला अजून दिसतो. तू भाजीवालीपुढे उभी आहेस, मी तुझा पदर धरून. तू म्हणतेस, "कोथिंबीर द्या." ती बाई तुझ्याकडे बघतच राहते. "का पायजे तुमाले?" तू पुन्हा म्हणतेस. ती पुन्हा बघते. मग तू वाकून, जणू मला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणतेस, "सांबार." आणि ती जुडी पिशवीत टाकताना तुझ्या तोंडावर हसू येतं, ते तू माझ्यापासून लपवतेस.

मला ते सगळं खेळासारखं वाटत होतं आणि मला ते पटापट येत होतं. एवढं पटापट की मी कुठल्याही 'ले'चा 'ला' करायला लागले. मी चार आंबे खाल्ला, असं मी काकूंना ऐटीत सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या आणि मला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "अगं, आंबे खाल्लेच. तो 'ले' चांगला आहे, त्याला राहू दे." तू बाजूला पोळपाट घेऊन बसली होतीस. तूही हसलीस, पण मी पाहिलं, तुझे ओठ हलत होते. आंबे खाल्ले, आंबे खाल्ले. बाकीची तयारीही चालूच होती. पोत्यावर मांडी घालून हलायचं नाही. डबा आपला आपण उघडायचा, बुटाची नाडी आपली आपण बांधायची. बाईंना विचारल्याशिवाय उठायचं नाही. "बाई, मी लघवीला जाऊ का?" हे वाक्य आम्ही एवढ्यांदा म्हटलं की बाबा कामावरून आले की दारातूनच ओरडायचे, "जा गा, जा."

धाकट्याला मात्र ते जमत नव्हतं. एकदा जेवताना तो म्हणाला, "मले अजून पोई पायजे." तू पोळी हातात धरून ठेवलीस. नीट सांग, म्हणालीस. त्याने 'मला' म्हटलं, 'अजून' म्हटलं, आणि पुढे त्याला जाता येईना. मी त्याच्यासाठी ते वाक्य म्हणून टाकलं. मला अजून पोळी हवी. तू त्याला पोळी वाढलीस आणि मला शाबासकी दिलीस. तेव्हापासून तो कमी बोलायला लागला. मग बोटाने दाखवायला लागला. पाणी हवं की माठाकडे बोट, बाहेर जायचं की दाराकडे बोट. तो बोट दाखवायचा आणि मी त्याचं शुद्ध मराठीत सांगायचे. नवतपा, मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू झाला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना, घरात आम्ही चौघं आणि त्यातला एक मुका. बाबा एकदा ताटावरून म्हणाले, "काय वं, लेकराची वाचाच घालवली तुह्या शाळेपायी." तू म्हणालीस, "होईल सवय." पण तव्यावरचा तुझा हात थांबला आणि भाकरी करपली. गल्लीतल्या डॉक्टरांनी त्याचा घसा पाहिला, जीभ पाहिली, काही नाही म्हणाले. काकू म्हणाल्या, मुलं धरतात हट्ट. तू कोणाचंच ऐकून समाधानी झाली नाहीस. दुपारी तो झोपला की तू त्याच्याजवळ बसून त्याच्या तोंडाकडे बघायचीस, झोपेत तरी काही बोलतो का म्हणून.

मग कुरडया घालायचा दिवस आला. ऊन चढायच्या आत काम आटपायचं म्हणून तू पहाटेच गव्हाचा चीक शिजवलास, पातेलं घेऊन गच्चीवर गेलीस आणि धाकट्याला सोबत नेलंस. मला म्हणालीस, मागून सोऱ्या घेऊन ये. मी सोऱ्या धुऊन घेऊन जिना चढत होते. शेवटच्या वळणावर मला एक बाई बोलताना ऐकू आली. क्षणभर मला कळलंच नाही की ती तू आहेस. "बोल न गा माह्या राजा. काहून नाही बोलत? मायवर रुसला का तू? तुले जसं पायजे तसं बोल. मले नाही पायजे ते शुद्ध. मायले तुहा आवाज ऐकू दे, एकडाव." मी तिथेच थांबले. कुठल्या तरी घरात बादली आपटल्याचा आवाज. मग तो बोलला. इतक्या दिवसांनी आवाज काढल्यामुळे घोगरा झाला होता. "माय, मले चीक पायजे." तू हसलीस की रडलीस ते मला जिन्यातून कळलं नाही. मी वर आले तेव्हा तू त्याला मांडीवर घेऊन वाटीतला गरम चीक फुंकर घालून भरवत होतीस, तो मोठे मोठे घास घेत होता, आणि तुझे गाल ओले होते. मला पाहिल्यावर तू पदराने तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "आण तो सोऱ्या इकडे. सावकाश ये, पातेलं गरम आहे."

आई, तू मान वळवलीस तेवढ्यात भाषा बदलली. मी विचारलं, "मग आता मले-तुले चालेल?" तू म्हणालीस, "त्याच्यापुरतं. तुला जमतं ना छान." मला त्या वेळी फार बरं वाटलं. मी कोणीतरी मोठी झाले, असं वाटलं. त्या दिवशी मी गच्चीभर पसरलेल्या धोतरावर ओळीने कुरडया घालायला हातभार लावला, आणि तुम्ही दोघं बोलत होतात, आणि मी मधूनमधून त्याला सुधारत होते, आणि तू मला डोळ्यांनी गप्प करत होतीस.

जूनच्या अखेरीला शाळा उघडली. बाईंनी विचारलं, सुट्टीत काय केलं? मी उभी राहिले आणि म्हटलं, "मी आईला कुरडया घालायला मदत केली." बाई छान म्हणाल्या आणि मला पुढच्या ओळीत बसवलं. मी घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू ते वाक्य मला परत म्हणायला लावलंस, आणि डोळे मिटून ऐकलंस. धाकट्याची गोष्ट वेगळीच झाली. बालवाडीच्या बाई उमरेडकडच्या निघाल्या. त्या स्वतःच मुलांना "इकडे ये गा" म्हणायच्या. त्याला कोणी कधी चिडवलं नाही.

असं आपलं घर दोन बोलींचं झालं. बाबा आणि धाकट्यासाठी तू माय राहिलीस, माझ्यासाठी आई. पारशिवनीहून मावशी आली की तुम्ही दोघी अंगणात बाजेवर बसून बोलायचात, तुझा आवाज जाड व्हायचा, हसणं पोटातून यायचं, तू तिच्या मांडीवर थाप मारायचीस. मी अभ्यास करते म्हणून दाराआड उभी राहायचे. बाहेर आले की तू म्हणायचीस, "झाला का गं अभ्यास? मावशीला पाणी आण." मला वाटायचं, एकदा तरी तू मला चुकून काहून म्हणशील. तू चुकली नाहीस. तू फार मन लावून शिकली होतीस.

मी शिक्षिका झाले, लग्न ठरलं, आणि लग्नाच्या आधल्या आठवड्यात आपण दोघी कोथिंबीर निवडत बसलो होतो तेव्हा मी तुला विचारलं. माझ्याशीच का असं बोलतेस? धाकट्याशी बोलतेस तसं माझ्याशी का नाही? तू हातातल्या जुडीच्या काड्या मोडल्यास. मग म्हणालीस, "तुझ्यासाठी म्हणून शिकले. मग मलाही आवडायला लागलं. पण बोलू कोणाशी? तुझे बाबा हसायचे, मावशी म्हणायची, शहराची झाली. काकू चुका काढायच्या. तू एकटीच होतीस, तुझ्याशी बोलताना कोणी मला काही म्हणत नव्हतं." आणि जरा थांबून, "तू गेल्यावर हे बोलणं बंदच होईल बघ माझं." मला वाटत होतं, तू मला तुझ्यातलं निम्मं दिलं आहेस. तुझ्या बाजूने पाहिलं तर तू मला ते दिलं होतंस, जे दुसऱ्या कोणाजवळ काढायची तुला सोय नव्हती. हे मला कळलं. कळलं म्हणून तुझ्या त्या बोलीची ओढ कमी झाली असं मात्र नाही.

तू गेलीस त्या दिवशी मी दुपारच्या गाडीने पोचले. तू डोळे उघडून म्हणालीस, "ये. उन्हातून आलीस, पाणी घे आधी." संध्याकाळी धाकटा तुझ्या उशाशी बसून माय, माय म्हणत रडत होता, चाळिशीचा माणूस, आणि सगळ्या बायका त्याच्याबरोबर माय म्हणत होत्या. मी आई म्हटलं. त्या खोलीत तो शब्द पाहुण्यासारखा उभा राहिला.

हे सगळं आज लिहायचं कारण सांगते. मी आता नागपुरातच, हुडकेश्वरला मुलाकडे राहते. नात येत्या जूनमध्ये शाळेत जायची आहे. सूनबाई चांगली आहे गं, मला आदराने म्हणाली, "आई, सुट्टीभर तिच्याशी घरी इंग्लिशच बोलाल का? शाळेत सोपं जाईल." मी हो म्हटलं. सकाळपासून मी तिला कम, सिट, ईट म्हणते आणि प्रत्येक शब्दाआधी थांबते, तेव्हा तू कशी थांबत होतीस ते माझ्या घशात जाणवतं. सूनबाईवर माझा राग नाही. उन्हाळ्यात प्रत्येक आई आपल्या लेकरासाठी काहीतरी करायला निघते, एवढंच.

पण दुपारी सगळे कामावर जातात, कूलरचा आवाज चालू असतो, आणि मी दार लावून तिच्याजवळ आडवी होते. मग मी तिला म्हणते, काहून वं, झोप नाही येत का तुले? ती खिदळते. परत म्हण, म्हणते. मी परत म्हणते. मले सांग, का पायजे तुले? तीही म्हणून बघते, मले, तुले, आणि तिच्या तोंडी ते इतकं गोड लागतं की मी तोंड फिरवते. आत्ता ती झोपली आहे म्हणून हे लिहायला बसले. उठायच्या आत कागद आवरून ठेवीन, ते कुठे पाठवायचे नाहीत. तुला एवढंच सांगायचं होतं की काल तिने मला विचारलं, "आजी, हे असं बोलायला तुला कोणी शिकवलं?" आणि मी म्हटलं, माझ्या मायनं. खोटं बोलले गं. तू तर मला ते विसरायला शिकवलंस, हे मी दाराआडून ऐकून उचललं.