डाव्या आरशाचे तीन नट

मी, खाली सही करणारा, डोकं ठिकाणावर असताना (आमच्या गॅरेजच्या मिस्त्रींचं मत वेगळं आहे) आणि अजून कुणी गळा धरलेला नसताना हे मृत्युपत्र लिहितो.

आधी कबुली. दाजीच्या ट्रकला ट्रेलर ओढताना लागणारे मोठे आरसे मी बसवले. उजवा नीट. डाव्याचे तिन्ही नट मुद्दाम नुसते हाताने फिरवून सोडले, पान्हा लावलाच नाही. वेग घेतला की आरसा वळणार आणि दाजीला मागच्या ट्रेलरऐवजी स्वतःचं थोबाड दिसणार. गिऱ्हाइकांसमोर म्हणतो कसा, "मेव्हण्याला आरसेच लावू दे, दुसरं काय जमतंय त्याला!" आणि हा शहाणा आजवर जुना आरसा चिकटपट्टीने चिकटवून फिरत होता.

मग ताई डबा घेऊन आली. म्हणाली, "आज मीही जाते रे. ट्रेलर मागे घेताना डावीकडे उभी राहून हात दाखवते, नाहीतर हे भिंती पाडतात."

ती त्याला दिसणार फक्त त्याच आरशात.

आता दाजी जेवून ट्रकमध्ये आडवा, पाय डाव्या खिडकीबाहेर. नट आवळायलाच हवेत, आणि ते आहेत दाराच्या आतल्या कोपऱ्यातल्या झाकणामागे, म्हणजे त्याच्या पोटरीशेजारी. जागा झाला तर मी संपलो. म्हणून ही वाटणी:

माझे पान्हे ताईला. ताई, एकच नट पूर्ण आवळून मोकळी होऊ नकोस. तिन्ही थोडे थोडे, पाळीपाळीने, आरसा आणि दारामधलं रबर सरकू न देता. मग आरसा धरून हलव. दार हललं पाहिजे, आरसा नाही. तुझा नवरा विचारेल, "गोंद कुठे लावला?" उत्तर देऊन तोंड विटाळू नकोस.

दाजीला त्याचा जुना आरसा, चिकटपट्टीसकट. रोज बघावा आणि लाजावं.

माझी सायकल शेजारच्या टायरवाल्याला. ब्रेक नाहीत, हे त्याला सांगू नये.

मिस्त्रींना त्यांनी दिलेल्या सगळ्या शिव्या परत. मनाला एकही लागलेली नाही, नव्यासारख्या आहेत.

साक्षीदार:
मिस्त्री (न वाचता सही, खाली लिहिलं, "सुट्टी नामंजूर")
टायरवाला (सायकल मिळणार एवढंच ऐकून सही)

ठिकाण: गॅरेजमागचा बाक
तारीख: आजचीच, दाजी घोरतोय तोवर

ता. क. जिवंत आहे. तिन्ही नट आवळले. आरसा धरून हलवला, दार हललं. दाजीही हलला, झोपेत म्हणाला, "अगं, उशी दे." मी माझी टोपी दिली.

वाचणाऱ्यांनो, पाया पडतो, कुणाला सांगू नका. दाजीला कळलं तर मारेल, ताईला कळलं तर रडेल, आणि मिस्त्रींना कळलं की मला नीट काम येतं, तर रोज करायला लावतील.