वस्तीचा भंडारा परत करण्याबाबत

मी, कारभारी मल्हारी गाडेकर, वय चौसष्ट, धंदा शेती व मेंढपाळी, राहणार खंडोबाची वस्ती, मौजे बोरखडी, राजूरजवळ, तालुका भोकरदन, जिल्हा औरंगाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छाती तेवढी ठिकाणावर नाही, हे जालन्याच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितले. मला कोणी धाक घातलेला नाही, काही पाजलेले नाही, गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. उलट मी हे लिहू नये म्हणून माझा मुलगा कडूबा चार दिवस घरी जेवलेला नाही. निजामाच्या राजवटीत मी उर्दू चौथीपर्यंत शिकलो, मराठी अक्षर पुढे एकट्याने गिरवले. तेव्हा लिहिण्यात चूकभूल असेल ती कायद्याने पोटात घालावी.

घर आणि जमीन यांची वाटणी कोणीही करून देईल, त्यासाठी एवढा कागद लागत नाही. हा कागद एका पितळी वाटीसाठी आहे. येत्या महिन्यात निवडणूक आहे, आणि मी गेल्यावर ती वाटी कोणाच्या हाती पडते याची मला काळजी लागून राहिली आहे.

कलम पहिले. राहते धाब्याचे घर पत्नी जयवंताबाई हयात असेपर्यंत तिचे. तिला कोणी "सरका" म्हणू नये. लोकांची आण आपल्या घरात ठेवू नये, असे ती मला पंचवीस वर्षे सांगत आली. बाईमाणसाला यातले काय कळते, असे मी पंचवीस वर्षे म्हणत आलो. तिच्यामागे घर कडूबाचे.

कलम दुसरे. जमीन चार एकर वीस गुंठे, कडूबाची. बांधावरच्या विहिरीत माझा धाकटा भाऊ रायभान याचा निम्मा हिस्सा आहे. तो आजवर तोंडी होता, आता कागदावर आहे. पाण्याची पाळी मोडून कडूबाने त्याला त्रास दिल्यास त्याने हे कलम चारचौघांत वाचून दाखवावे.

कलम तिसरे. बहात्तरच्या दुष्काळाआधी दीडशे मेंढरे होती, आज एकतीस आहेत. पैकी अकरा बदनापूरला दिलेली मुलगी सोनूबाई हिला, बाकी जयवंताबाईला. लोकर कातरायची मोठी कात्री रायभानला. ती धरायला त्याला मीच शिकवले, पण हात त्याचा हलका. माझ्या हातून मेंढराला कुठे ना कुठे लागत असे.

कलम चौथे. एक ट्रान्झिस्टर, बंद. एक काचेची चौकट, तिच्यात एका पुढाऱ्याशेजारी हात जोडून उभा असलेला माझा फोटो. दोन्ही वस्तू एकाहत्तरच्या निवडणुकीनंतर त्यांच्याकडून आल्या. चौकट चांगल्या लाकडाची आहे, ती ठेवावी. फोटो काढून टाकावा. त्या पुढाऱ्याचे नाव मी या कागदावर आणणार नाही, कारण त्याने माझ्यावर बळजबरी केली असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे ठरेल. जे केले ते मी हौसेने केले.

कलम पाचवे. खंडोबाच्या भंडाऱ्याची वाटी. पितळेची, काठाला एके जागी चेपलेली. ही मिळकत माझी नाही, वस्तीची आहे. पण इतकी वर्षे माझ्या घरात राहिल्याने लोक तिला माझी म्हणू लागले, आणि मग मीही म्हणू लागलो.

सन बावन्नला पहिली निवडणूक आली तेव्हा वाटी माझ्या वडिलांकडे होती. रझाकारांच्या धामधुमीत आमची माणसे आणि मेंढरे वाचली ती काही खादीवाल्या माणसांमुळे. ती माणसे मेंढरांच्या वाड्यावर येऊन आमच्या बरोबरीने बसून भाकरी खात. त्या उपकाराला स्मरून मतदानाच्या आदल्या संध्याकाळी वडिलांनी वस्ती गोळा केली. घराघरातल्या कर्त्या पुरुषाने वाटीतून चिमूटभर भंडारा उचलला, कपाळी लावला, उरलेला पटक्याच्या शेवात बांधला. मत खादीवाल्यांच्या बैलजोडीला. भंडारा उचलला की आमचा माणूस शब्द फिरवत नाही, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. त्या वर्षी लोकांनी भंडारा न उचलताही तेच मत दिले असते.

चौपन्न साली वडील वारले आणि वाटी माझ्याकडे आली. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत ती आदल्या संध्याकाळी फिरली आणि रिकामी होऊन परत आली. बैलजोडी जाऊन गाय-वासरू आले तरी वाटी फिरतच राहिली. बावन्नला लोक उपकार आठवून भंडारा उचलत होते. नंतर नंतर माझे तोंड पाहून उचलू लागले. त्यातला फरक मला कळला नाही, किंवा कळून घ्यावासा वाटला नाही. खादीवाले म्हातारे होऊन गेले, त्यांच्या जागी जीपवाले आले. ते भाकरीला बसत नसत. जीपमधूनच विचारत, "कारभारी, वस्ती बराबर?" मी म्हणत असे, "बिलकुल बराबर." त्या एका शब्दासाठी मी दिवसभर सडकेवर उभा राहायचो.

बौद्धवाड्यातले साहेबराव गुरुजी माझ्याच वयाचे. त्यांचे मत हत्तीच्या निशाणीला असे आणि हत्ती दर वेळी पडे. सदुसष्टला मी त्यांची त्यावरून थट्टा केली, तेव्हा ते म्हणाले, "पडू द्या. कारभारी, मत माणसागणिक एक असतं, वस्तीगणिक एक न्हाई." मी हसून पुढे गेलो.

दुष्काळात आमची माणसे खडी फोडायला गेली. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि वाटपाची सुकडी खाऊन दिवस काढले. आमच्या गायरानात पाझर तलाव मंजूर झाल्याचे जीपवाल्यांनी सांगितले होते. तलाव झाला, पण खाली, त्यांच्याच सोयऱ्यांच्या रानाला लागून. वस्तीत कोणी चकार शब्द काढला नाही. लोक राजी आहेत म्हणून गप्प आहेत, असे मी धरून चाललो.

सन शहात्तरच्या दिवाळीनंतर जीप आली. कुटुंबनियोजनाच्या नसबंदी कॅम्पला वस्तीतून बारा माणसे पाहिजेत, त्याबदल्यात दुसरा तलाव नक्की, असे ठरले. मी वाटी बाहेर काढली. मतासाठी नसताना ती बाहेर निघाली ती पहिलीच वेळ. कारभारी म्हणेल तिथे येईन, अशी आण बारा जणांनी घेतली. कुठे जायचे ते मी आण घेऊन झाल्यावर सांगितले. रायभान त्यांत होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, मला पोरगं एकच हाय. बाकी दोन्ही पोरी." मी म्हणालो, "देवापुढं दिवा एकच लागतो, रायभान." जमलेल्यांनी माझ्या बोलण्याला मान डोलावली आणि मला ते फार शोभून बोलल्यासारखे वाटले. माझे वय तेव्हा एकसष्ट होते. मला कॅम्पला कोणी विचारलेच नाही.

पुढल्या माघात गोवराने रायभानचा मुलगा (येथे एक नाव होते, ते खोडले आहे, त्याचे कारण शेवटी लिहिले आहे) गेला. चार वर्षांचा होता. त्याला मूठमाती देऊन आल्यावर रायभान माझ्याशी बोलायचा बंद झाला. माझ्या बोलण्याने पोर गेले नाही, गोवर घरोघर होता, असे मला पुष्कळांनी समजावले. पण दुसरा मुलगा होण्याची वाट मी बंद केली होती, हे समजावणाऱ्यांनाही माहीत होते.

आणि लगोलग मार्चात निवडणूक. मी नेहमीप्रमाणे आदल्या संध्याकाळी खंडोबाच्या ओट्यावर वाटी घेऊन बसलो. उचलायला बायकांना कधी बोलावले नव्हते, त्यांच्या वाटचा नवरेच उचलत. त्या संध्याकाळी पहिली आली ती रायभानची बायको गोपिकाबाई. तिने पदराच्या गाठीतून चिमूटभर भंडारा सोडला, माझ्या वाटीत टाकला आणि मान वर न करता गेली. तिच्यामागून एकेक घर आले. कोणी पटक्यातून, कोणी देव्हाऱ्यातून आणलेला भंडारा वाटीत टाकत होते. अंधार पडायच्या आत वाटी शिगोशीग भरली.

पंचवीस वर्षे जी वाटी रिकामी होत होती ती भरली, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटले, यंदा लोकांनी देवाला जास्तीचा भंडारा आणला. जीपवाल्यांना निरोप धाडला, वस्ती बराबर. मोजणी झाली तेव्हा वस्तीच्या एकशे शहाऐंशी मतांपैकी गाय-वासराला नऊ पडली होती. बाकी सगळी समोरच्यांच्या नांगरधारी शेतकऱ्याला. त्या नवातले एक माझे. उरलेले आठ कोण, हे मी महिनाभर शोधत होतो. वस्तीने उचललेली आण मोडली नव्हती, रीतसर माझ्या पदरात परत घातली होती, हे मला जयवंताबाईने सांगितल्यावर कळले.

पेपरात आले की मराठवाड्यात लाट आली. आमच्या ओढ्याला पाणी नाही, लाट कुठून येणार? सगळीकडचे मला माहीत नाही. पण बोरखडीचा कौल का फिरला ते मी सांगू शकतो. लोकांनी खादीवाल्यांना एकदा जीव लावला होता, आणि मी त्या जिवावर पंचवीस वर्षे बसून खाल्ले.

गेल्या वर्षी विद्यापीठाच्या नावावरून आपल्याकडे जे झाले ते लिहायलाही लाज वाटते. आमच्या आणि गावातल्या काही पोरांनी घासलेट घेऊन बौद्धवाड्याची वाट धरली. मी वाटी घेऊन आडवा उभा राहिलो आणि भंडाऱ्याची आण घातली. पुढे कडूबाच होता. तो म्हणाला, "आबा, तुमचा भंडारा उतरला." आणि सगळे माझ्या दोन्ही अंगांनी निघून गेले. गुरुजींची कडब्याची गंजी पेटली. पुढे काय झाले असते कोणास ठाऊक, पण रायभान आपल्या दोन्ही मुलींना, बेबीनंदा आणि उषाला, हाताला धरून गुरुजींच्या दारात जाऊन बसला. त्याच्या अंगावर कोणी जाईना, आणि पोरे मागे फिरली. ज्या दिवशी वाटीची खरी गरज होती त्या दिवशी ती भरलेली असूनही माझ्याच करणीने पोकळ झालेली होती. आयुष्यात याहून मोठे दुःख मला नाही.

कलम सहावे. ही वाटी कडूबाला देऊ नये. गेल्या महिन्यात पुन्हा जीप येऊन गेली. गाडी तीच, आतला माणूस तोच, झेंडा तेवढा नवा. वाटी फिरव, तुला पंचायत समितीत घेतो, असे त्याने कडूबाला सांगितले आहे. कडूबा वाईट मुलगा नाही. तो माझ्यावर गेला आहे, एवढीच मला भीती आहे.

वाटी रायभानने घ्यावी. माझ्या दहाव्याला त्याने ती खंडोबाच्या ओट्यावर ठेवावी. सत्याहत्तरच्या त्या संध्याकाळी भरलेला भंडारा तिच्यात तसाच आहे, मी एक चिमूटही वापरलेला नाही. वस्तीतल्या माणसांनी, आधी बायांनी, मग पुरुषांनी, आपापली चिमूट परत घेऊन जावी. घरच्या देवाला वाहावी, नाहीतर रानात उधळावी. मी त्यांना आणेतून मोकळे करतो, असे लिहिणार होतो. पण ते माझ्याआधीच मोकळे झाले आहेत. यापुढे वाटी फक्त देवाच्या जागरणाला निघावी. मतासाठी, कॅम्पासाठी, कोणत्याही झेंड्यासाठी निघू नये.

कलम सातवे. माझ्या दहाव्याला जीपवाल्यांनी आल्यास पाणी द्यावे, भाषण करू देऊ नये. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम साहेबराव गुरुजींकडे. गंजीची भरपाई मी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. हे काम मात्र त्यांनी घेतले. निवडणुकीपर्यंत जगलो तर माझे मत कोणाला, हे कोणी मला विचारू नये. मी सांगणार नाही. ते पहिल्यांदाच एका माणसाचे आहे.

वरील मजकूर साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. वाटी रायभानकडे जाणार म्हणून गुरुजींनी त्यालाही बोलावून आणले होते. तीन वर्षांत तो माझ्या दारी आला नव्हता. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने सगळे ऐकले आणि म्हणाला, "भंडारा मी वाटीन, दादा. वस्तीचा हाय तो. पण माझं नाव तुम्ही एक डाव कॅम्पाच्या कागदावर चढवलं, तेवढं बस झालं. पोराचं चढवू नका."

मी त्याच्या देखत नाव खोडले. मग तो गेला. माफीचे तो काही बोलला नाही आणि मीही विचारले नाही.

खाडाखोड : एके ठिकाणी, कलम पाचमध्ये, एक नाव. त्यावर माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे. बाकी मजकुरात खाडाखोड नाही.

स्थळ : खंडोबाची वस्ती, मौजे बोरखडी
दिनांक : ९ डिसेंबर १९७९, रविवार

लिहून देणार : कारभारी मल्हारी गाडेकर (सही)

साक्षीदार :
१. साहेबराव भिकाजी दांडगे, शिक्षक, राहणार बोरखडी (सही)
२. रामकिसन बाबूराव सोनुने, पोस्टमास्तर, राहणार राजूर (सही)