त्यांच्या तारखा भरलेल्या होत्या

सर,

हे पत्र मी रागात लिहीत आहे, हे आधीच सांगतो. म्हणजे एखादे वाक्य कठोर झाले तर ते अनवधानाने झाले असे तुम्ही समजू नये. तुम्ही जाऊन इतकी वर्षे झाली की तुमची आठवण असणारा माणूस आता मला शोधावा लागतो. मी हल्ली टेक्सासमध्ये, प्लेनो नावाच्या गावात, मुलाच्या घरी राहतो. घर मोठे आहे, रस्ते रुंद आहेत आणि पायी जाण्यासारखे काहीही नाही. मुलगा संगणकाच्या कंपनीत आहे. त्याच्या पिढीने मराठीची जी अवस्था केली आहे ती तुम्ही ऐकली असती, तर हातातला खडू टेबलावर ठेवून वर्गाबाहेर निघून गेला असता. परंतु आजचा राग भाषेचा नाही. भाषेचा राग मी रोज जेवणाबरोबर गिळतो. आजचा राग हॉकीचा आहे, आणि तो मुलापासून सुरू होऊन तुमच्यापर्यंत येऊन थांबतो.

येथे हॉकी म्हणजे बर्फावरची. चेंडूऐवजी काळी रबरी चकती असते आणि खेळाडू पायांत पाती बांधून रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, धावतात. मुलगा उत्तरेकडच्या एका बलाढ्य विद्यापीठात शिकला, तेव्हापासून त्याला हे वेड आहे. त्याचा मित्र पुण्याचा. तोही उत्तरेतच शिकला, पण बर्फात हरवलेल्या एका लहानशा कॉलेजात. शनिवारी दोघे दिवाणखान्यात बसतात, सामना पाहतात, आणि सामना संपला की संगणकावर इतर चाहत्यांची भांडणे वाचून स्वतः भांडतात. येथे कॉलेजांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. गटातल्यांशी खेळणे बांधलेले असते. गटाबाहेर कोणाशी खेळायचे ते ज्याने त्याने ठरवायचे. मोठ्या गटातली कॉलेजे लहान गटातल्यांशी खेळायला टाळाटाळ करतात, आणि भांडणाचे मूळ बहुधा तेच असते. त्यांची भांडणे मला करमणुकीची वाटत. मी खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसतो, आणि ते समजतात की मी वाचत आहे.

गेल्या शनिवारी मित्र म्हणाला, "लास्ट सीझनला आम्ही सगळ्यांना हरवलं. सगळ्यांना. तरी रँकिंगमध्ये आम्ही कुठे? तळाला."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?" मुलगा हसला. "तुमची कॉन्फरन्सच वीक आहे, यार. तुम्ही कोणाशी खेळलाच नाही."

"मग तुम्ही खेळा ना आमच्याशी. या की आमच्या रिंकवर. चहा पाजतो."

"शेड्यूल पॅक आहे."

"दरवर्षी पॅक असतं तुमचं. आम्ही विचारलं की पॅक, दुसऱ्याने विचारलं की लगेच जागा होते."

"हे बघ," मुलगा म्हणाला, आणि त्याचा स्वर समजूतदार झाला, "आम्हाला मिळणार काय? जिंकलो तर काही नाही, तुमच्याशी जिंकायलाच हवं. हरलो तर रेटिंगची वाट लागते. मग कशाला खेळायचं? आधी तुम्ही प्रूव्ह करा, मग बघू."

सर, माझ्या हातातले वर्तमानपत्र खाली आले. हे वाक्य मी यापूर्वी ऐकले होते. ते इंग्रजीमिश्रित नव्हते, शुद्ध प्रमाण मराठीत होते, आणि ते तुम्ही आम्हाला वाचून दाखवले होते.

आपले कॉलेज तेव्हा नवे होते. आमच्या घरांनी बौद्ध धम्म स्वीकारल्याला फार काळ लोटला नव्हता. वसतिगृहावर पत्रा होता, ग्रंथालय एका कपाटात मावत असे, पण मैदान होते, आणि गावाला लष्करी छावणी असल्यामुळे जवानांनी टाकून दिलेल्या स्टिका होत्या. तुम्ही आम्हाला व्याकरण शिकवत होता आणि संध्याकाळी हॉकी. दोन्हींत तुमचा आग्रह एकच असे. चूक चालणार नाही. शर्टाचे बटण, कर्त्याशी क्रियापदाचा मेळ, चेंडू देताना मनगटाचा कोन, सगळे नेमके हवे. आम्ही छावणीच्या संघाला हरवले, रेल्वेच्या संघाला हरवले. उरले ते नदीपलीकडचे मोठे कॉलेज, ज्याच्या चषकांचे कपाट मी फक्त खिडकीतून पाहिले होते. तुम्ही दरवर्षी त्यांना सामन्याचे निमंत्रण पाठवत होता, आणि उत्तर येई की या वर्षी तारखा भरलेल्या आहेत. एका वर्षी त्यांनी कारणही दिले. आपला संघ अद्याप कोणत्याही मान्यवर महाविद्यालयाशी खेळलेला नसल्यामुळे त्याची पात्रता सिद्ध झालेली नाही. तुम्ही ते वर्गात वाचलेत, चष्मा काढलात आणि म्हणालात, "वाक्यरचना निर्दोष आहे." आम्ही हसलो. मला आज त्या हसण्याचा संताप येतो. कोणत्या मान्यवर महाविद्यालयाशी खेळणार होतो आम्ही? गावात ते एकच होते.

माझ्या शेवटच्या वर्षी त्यांच्याकडून होकार आला. निदान तुम्ही तो होकार मानलात. त्यांचे क्रीडाशिक्षक तुम्हाला बाजारात भेटले आणि म्हणाले, "बघू, रविवारी जमवू." एवढ्यावर तुम्ही आम्हाला कामाला लावलेत. मैदान झाडले, दोरी धरून चुन्याची फक्की टाकली. एक रेघ वाकडी आली म्हणून तुम्ही ती पुसायला लावून पुन्हा काढवलीत. पाहुण्यांसाठी माठ धुऊन भरला, सावलीत बाक मांडले, आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईंनी त्यांच्यासाठी पोहे केले. रविवारी आम्ही इस्त्रीचे शर्ट घालून रांगेत उभे आहोत. ऊन चढते आहे. रस्त्यावर सायकल दिसली की सगळ्यांच्या माना वळतात, आणि तुम्ही म्हणता, "समोर बघा." ते येत नाहीत. कोणी निरोपही आणत नाही. वेळ झाल्यावर तुम्ही मधोमध चेंडू ठेवलात आणि शिट्टी वाजवलीत, कारण नियमाप्रमाणे हजर संघाने मैदानात उतरायचे असते. त्या काळी सामना बुलीने सुरू होत असे: दोघांनी समोरासमोर स्टिकवर स्टिक आपटायची आणि मग चेंडू घ्यायचा. माझ्यासमोर कोणी नव्हते. मी चेंडूकडे पाहिले, पलीकडच्या रिकाम्या गोलाकडे पाहिले, आणि धावलो. तुमची दुसरी, थांबण्याची शिट्टी मला ऐकू आली होती. मी इतक्या जोरात मारला की जाळीची खालची दोरी तुटली.

तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "तो गोल नाही. चेंडू घेऊन ये."

"नियमाने सामना आपला आहे, सर."

"सामना आपला आहे. गोल नाही. समोर माणूस नसताना मारलेल्याला गोल म्हणत नाहीत."

मी चेंडू आणला. पोहे आम्हीच खाल्ले. तुम्ही मला तुमची स्वतःची स्टिक दिलीत, तीवर तुम्ही मूठ नव्याने बांधली होती, आणि म्हणालात, "पुढल्या वर्षी येतील." पुढल्या वर्षी मी कॉलेजात नसणार होतो, हे तुम्हाला ठाऊक होते.

मला त्यांचा राग येत नाही असे नाही. पण ते त्यांच्या स्वभावाला धरून वागले. राग तुमचा आहे. रेघ सरळ असली, शर्ट स्वच्छ असला, वाक्य निर्दोष असले की समोरच्याला यावेच लागते, हे तुम्ही आम्हाला शिकवलेत, आणि तुम्ही ते मनापासून मानत होता. मीही मानले. मी आयुष्यभर सगळे नेमके केले. मुलाला नेमके केले. तो इतका नेमका झाला की उत्तरेतल्या त्या बलाढ्य विद्यापीठाने त्याला बोलावून घेतले, आणि आज तो माझ्यासमोर सोफ्यावर बसून नदीपलीकडच्या कॉलेजाचे वाक्य म्हणतो आहे, आणि त्याला ते शहाणपण वाटते.

मी म्हणालो, "प्रूव्ह करायचे ते कोणाशी खेळून?"

मुलगा दचकला. "काय, बाबा?"

"तू म्हणालास, त्यांनी आधी सिद्ध करावे. तुम्ही खेळणार नाही, तर कोणाशी खेळून?"

मित्र टाळी वाजवून म्हणाला, "काका आमच्या साइडला. संपलं, भाऊ."

"बाबा, ते तसं सिंपल नसतं. रेटिंगचा फॉर्म्युला असतो."

"तारखा भरलेल्या असणे आणि भीती वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही भित्रे आहात. तसे सांगा."

माझा आवाज चढला होता. आतून सून दारापर्यंत आली. मित्र टेबलावरचे चिप्स पाहू लागला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "निघतो रे, उद्या लवकर उठायचंय," जरी दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्याला दारापर्यंत सोडून आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, इट्स जस्ट हॉकी. एवढं काय?" मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि खोलीत गेलो.

रविवारी सकाळी तो चहा घेऊन माझ्याजवळ बसला. त्याने माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. कपाटामागे उभी केलेली तुमची स्टिक त्याने बाहेर काढली. मूठ आता सुटू लागली आहे. लहानपणापासून ती त्याने पाहिली आहे, पण कधी काही विचारले नव्हते.

"तुम्ही खरंच खेळायचात ना?" तो म्हणाला. "ते तुमच्या गावातलं मोठं कॉलेज, आजी सांगायची ते. त्यांच्याशी खेळलात कधी?"

सर, सगळे सांगण्याची तीच वेळ होती. फक्की, माठ, पोहे, रांग, वळणाऱ्या माना, सगळे माझ्या जिभेवर होते. तो स्टिक मांडीवर घेऊन माझ्याकडे पाहत होता, आणि मला त्याच्या डोळ्यांत कीव पाहायची नव्हती.

"एकदा," मी म्हणालो. "एक-शून्य. गोल माझा."

"वॉव, बाबा. मग ते आले तुमच्या ग्राउंडवर?"

तुम्ही असता तर शिट्टी वाजवली असती. मी त्याला सांगितले की ते आले होते.