गिरणीतलं मशीन, पुण्यातलं मशीन

१४ नोव्हेंबर
उद्या पहाटे पुणे. ट्रायल. आईने माझी बॅग दोनदा उपसून पुन्हा भरली. वयात बसायचं हे शेवटचं वर्ष. वल्हवण्याच्या मशीनवर दोन हजार मीटरची वेळ आठ मिनिटांच्या आत आली तर कॅम्पला निवड आणि खरी बोट. नाहीतर कर्जतचं औषधांचं दुकान आणि मी, जन्मभर खोकल्याच्या बाटल्या.

संध्याकाळी शेवटचा सराव. आबांनी त्यासाठी आमची भाताची गिरणी थांबवली, तीही ऐन हंगामात! कशेळ्यापासून आलेले लोक पोत्यांवर बसून बघत होते. मशीन नेहमीसारखं बोंबललं. वेळ आठ मिनिटांच्या आत. आबा सगळ्यांना सांगत सुटले, "बगितलंत? दहावर! दहावर वढते पोर."

शिळफाट्याच्या भंगारवाल्याकडून आबांनी हे मशीन आणलं तेव्हा मी नववीत होते. मूठ ओढली की पुढचा पंखा फिरतो; त्याच्या बाजूला हवा कमीजास्त करायचा एक ते दहा आकड्यांचा खटका. दहा सगळ्यात जड, म्हणून आमचा कायम दहावर. खंडेनवमीला गिरणीच्या मोटरीबरोबर याचीही पूजा होते आणि दहाच्या आकड्याला कुंकू लागतं. मग तो हलवायची कुणाची टाप? पंख्याची जाळी उघडायचं तर नावच नाही. "कंपनीचा माल हाय, छेडायचा नाय."

१५ नोव्हेंबर
नाही झालं.

१६ नोव्हेंबर
काल शिळफाट्याला उतरेपर्यंत एसटीत रडत होते. शेजारच्या बाईने न विचारता चिक्की दिली. ती खाल्लीसुद्धा. आता एकदाचं लिहून टाकते.

नवी मशिनं. काळी, चकचकीत. आवाज म्हणजे नुसता सुस्कारा. मी बसले आणि सवयीने खटका दहावर नेला. बाकीच्या मुलींचे चारवर वगैरे. मनात म्हटलं, कच्च्या आहेत. हसू पण आलं, खोटं कशाला बोलू. पहिल्या ओढीलाच खांद्यात कळ आली. वाटलं, नवीन आहे, होईल मोकळं. अर्ध्यात मांड्या भरून आल्या. शेवटी शेवटी तर चिखलात रुतलेलं काहीतरी ओढत होते. शेवटून दुसरी आले.

वेळ टिपणाऱ्या मॅडम जवळ आल्या.
"दहावर कोण ठेवतं गं? घरी कुठे असतं मशीन?"
"भाताच्या गिरणीत."
त्या म्हणाल्या, "जाळीत कोंडा बसला असणार. पंख्याला हवाच मिळत नसेल, म्हणून हलकं. तुमचं दहा म्हणजे इथलं चार."
म्हटलं, मग घरची वेळ खोटी?
"नाही गं. वेळ मशीन बरोबरच मोजतं. चारवर ठेवलं असतंस तर इथेही आली असती."
पुन्हा देऊ का विचारलं. नियमात नाही. त्यांनी पाठीवर हात ठेवला. नको होता ठेवायला.

१७ नोव्हेंबर
आबांनी विचारलं, "काय झालं गं नेमकं?" मी म्हटलं, नवीन मशीन फार जड होतं. एवढंच. अर्धं खरं.
ते भडकलेच. "म्हंजे मशीनच खराब!" दिवसभर गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला तेच. पुन्याच्या मशीनमधी बिघाड व्हता, पोरीचं वाटोळं केलं.
खरं कसं सांगू? दहा त्यांनीच शिकवलं. माझं एक स्वप्न गेलं. हे कळलं तर तो माणूस स्वतःला कधी माफ करणार नाही.

२० नोव्हेंबर
राग येतोय. आबांचाच. एकदा, फक्त एकदा जाळी उघडली असती तर! दुकानात मी एका आजोबांना भलतीच गोळी देत होते, मालकांनी हातातून काढून घेतली.
घरी आले तर आबा तुसाने माखलेले, माझ्यासाठी कडक कणसं भाजत बसलेले. दात दुखले, पण खाल्ली. राग कुठे ठेवायचा ते कळत नाही.

२३ नोव्हेंबर
सोमवारी आबा पुण्याला जाणार. तक्रार करायला. आई म्हणाली, "जाऊ द्या वो आता." तर म्हणे, "आमी गप बसायचं? माज्या पोरीवर अन्याव झालाय."
गेले तर त्या मॅडम चारचौघांत सांगतील. काय करू

२४ नोव्हेंबर
आबांच्या डोक्यात आलं, आपलं मशीन कसं ठणठणीत आहे त्याचे फोटो न्यायचे. त्यासाठी, हो, त्यासाठी जाळी उघडली! आतून घमेलंभर कोंडा निघाला, दाबून बसलेला. खूश झाले. "बग, किती मळ साचलावता. आता पळंल." पंखा पुसला, जाळी लावली आणि स्वतः बसून ओढलं.
थांबले. पुन्हा ओढलं.
"जड झालं गं हे."
मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला नको होतं, देवा.
"तिकडं कितीवर ठेवलंवतंस?"
"चारवर."
"मी दहा सांगितलावता."
"तिथे सगळ्या चारवर ठेवतात. मीपण ठेवलं."
"मग?"
"मग मी कमी पडले, आबा. दमले."
त्यांनी कोंडा गोणीत भरला. मग पाठमोरेच म्हणाले, "जड व्हतं म्हनालीवतीस ना."


२५ नोव्हेंबर
आबा पुण्याला गेले नाहीत. आईला म्हणाले, मन नाय.
गिरणीत कुणीतरी विचारलं, तक्रारीचं काय झालं? आबा म्हणाले, "मशीन बरं व्हतं तिकडचं. पोर दमली." माझ्याकडे न बघता. त्यांनी माझं खरं मानलं, की कळूनसवरून मला साथ देतायत? विचारायची सोय नाही. विचारलं की संपलंच.

२८ नोव्हेंबर
सकाळी गिरणीत हाक मारली. "बस जरा. बगू."
आता कशासाठी, असं ओठांवर आलं होतं. बसले. पाय अडकवले, मूठ धरली. खटका कितीवर ठेवायचा ते आबा सांगेनात. मीही विचारेना.